लॉरेटाची सर्दी

यामिनी जिना चढून ऑफिसात आली तेव्हा त्र्यंबककाका एका पायावर उभे राहून बुटात शिरलेला बर्फ कचऱ्याच्या डब्यात झटकत होते. मिशिगनमध्ये एकतीस वर्षं काढली, पण बर्फ बुटात शिरायचा काही थांबला नव्हता. निवृत्त झाल्यावर घरी गप्प बसा, हे बायकोचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं नाही आणि उपासना गेडामच्या गाडीचं स्टिअरिंग हाती घेतलं. उपासना खासगी तपासाची कामं करायची. तिला बर्फात गाडी चालवायला आवडत नसे आणि काकांना तपासातलं ओ की ठो कळत नसे, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

"उपासनाताई, मला आधी बसू दे," यामिनी म्हणाली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली. पुण्याची मुलगी, ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत इतिहासात पीएचडी करत होती. एरवी तोंडाचा पट्टा चालू असायचा, आज तिला धड श्वास घेता येत नव्हता. "परवा शनिवारी डेट्रॉइटला म्युझियमच्या भिंतीचं अनावरण आहे. तिच्यावरून मेश्राम आजोबांचं नाव काढलंय. आज सकाळी ईमेल आला. कॅन्सल!"

"कोण मेश्राम आजोबा?" काकांनी विचारलं.

यामिनीनं उत्तर न देता मोबाइलवर एक गाणं लावलं. पियानोचे सुरुवातीचे सूर टपटपले आणि काका खूश झाले. "अरे, हे तर ग्रोसरी स्टोअरमधलं! लॉरेटाचं!" गाण्याच्या बाबतीत काका औरंगजेब होते, पण हे गाणं मिशिगनमध्ये दगडालाही ओळखू येतं.

"गाणं लॉरेटाचं. पण काका, तिनं अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. तुम्ही ओळखलंत ते पियानोवरून. तो कुणी वाजवला?"

काका विचारात पडले. इतकी वर्षं हे ऐकत भोपळी मिरच्या निवडल्या, पण त्या सुरांमागे कुणाची तरी बोटं असतील हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना उगाच ओशाळल्यासारखं झालं.

"धर्मराज मेश्राम," यामिनी म्हणाली. "नागपूरचे. सदुसष्ट साली इथं इंजिनियरिंगचे स्टुडंट होते. ब्लू हेरॉन नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी होती. तिचा पियानिस्ट आजारी पडला म्हणून कुणीतरी यांना एका दुपारसाठी नेलं, आणि मग तीन वर्षं हेच वाजवत होते. गायकांची नावं रेकॉर्डवर, यांचं नाव कुठंच नाही. ड्रम्सवाला, बासवाला, कुणाचंच नाही. म्हणून तर ही भिंत होतेय, फक्त वाजवणाऱ्यांची. आता आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पुढच्या वेळी बघू, असं म्हणायला पुढची वेळ नाहीये यार!"

तिचे डोळे भरून आले. उपासनानं टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि ती थांबली. पंधरा वर्षं तिनं इन्शुरन्स कंपनीत खोटे क्लेम पकडले होते. समोरच्याला पुरतं रडू द्यायचं आणि मग विचारायचं, ही तिची जुनी सवय होती.

"नाव का काढलं?"

यामिनीनं सांगितलं ते असं. आजोबांकडे त्या काळातली एक वही होती. कुठल्या दिवशी, कुणाबरोबर, काय वाजवलं, सगळं मराठीत लिहिलेलं. एकत्र बसून वाचू, असं त्यांनी यामिनीला कबूल केलं होतं. तेवढ्यात डिसेंबरात त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गेल्या रविवारी यामिनी वही स्कॅन करायला त्यांच्या घरी गेली. वही नेहमी पियानोच्या स्टुलाच्या खणात असायची. खण रिकामा होता. आणि सोमवारी म्युझियमला एक निनावी पाकीट मिळालं.

"आत वहीचं इंग्रजी भाषांतर. टाइप केलेलं. वर एक ओळ, 'मूळ वही मागा आणि मगच या माणसाचं नाव लावा.' त्यांनी वही मागितली. घरच्यांकडे ती नाही. आता त्यांची खात्रीच झालीय."

तिनं कागद टेबलावर ठेवला. उपासना वाचत होती, काका तिच्या खांद्यावरून.

"एडी: ब्लॅक फीमेल, टू."

"ग्लोरिया: ब्लॅक फीमेल, फाइव्ह."

"लॉरेटा: व्हाइट फीमेल, फोर."

अशा चौतीस ओळी. एका ओळीवर काकांची नजर अडकली. "लॉरेटाला सर्दी. आज व्हाइट फीमेल, थ्री."

काका कागदापासून मागे सरकले. "अगं, म्हणजे हा माणूस बायका पुरवायचा?"

"म्युझियमनं तसंच वाचलंय. एडी आणि लॉरेटा पार्ट्यांना बायका आणायचे. काळ्या किती, गोऱ्या किती, ते आजोबा लिहून ठेवायचे. लॉरेटा आजारी पडली तर एक कमी." यामिनीनं तोंडावर हात ठेवला. "ताई, ज्या माणसानं इथल्या विहारात तीस वर्षं मुलांना समतेचे धडे दिले, तो असं लिहील? पण मग हे आहे काय?"

उपासना पेन्सिलीनं समासात खुणा करत होती. "काका, गंमत बघा. ब्लॅकचा आकडा पाचाच्या वर जात नाही. व्हाइटचा साताच्या वर जात नाही. चौतीस ओळींत एकदाही नाही."

"बरं मग?"

"मग काही नाही. अजून एक. यांनी 'वुमन' लिहिलेलं नाही, सगळीकडे 'फीमेल'. असं कोण बोलतं?"

 काका बूट चढवू लागले.

*

मेश्रामांच्या घरासमोर राजेश बर्फ ओढत होता. पन्नाशीचा, धर्मराजांचा धाकटा मुलगा. यामिनीनं ओळख करून देताच त्यानं फावडं टेकवलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"एक रिक्वेस्ट आहे. आत आई-बाबांना यातलं काही माहीत नाही. प्रोग्राम पोस्टपोन झाला एवढंच सांगितलंय. तुम्ही म्युझियमकडून फोटो बघायला आलात. ओके?"

"ओके," उपासना म्हणाली. "वही शेवटची कधी पाहिली तुम्ही?"

"लहानपणी. उघडून कधीच नाही. मला मराठी वाचता येत नाही, दीक्षाताईला येतं. बाबांनी तिला शिकवलं, माझ्या वेळेपर्यंत ते दमले होते." तो हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. "आणि मला हे सगळं नकोच होतं. भिंत, पेपरवाले, इंटरव्ह्यू. बाबांनी आम्हाला त्या दिवसांबद्दल कधी काही सांगितलं नाही. मी जन्मायच्या आधी प्लांटमध्ये प्रेस मशीनखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून पियानोचं झाकण बंदच. बंद होतं ते बंद राहू द्यायचं ना! आता बघा. काळ्या-गोऱ्या बायकांची लिस्ट, माझ्या बाबांच्या नावावर! खरं सांगू? ती वही हरवली ते बरंच झालं."

काकांनी उपासनाकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. तिनं ती नजर घेतली नाही.

दार रमाबाईंनी उघडलं. शहात्तर वर्षांच्या, गळ्याला मफलर गुंडाळलेला.

"जय भीम, मावशी," उपासना म्हणाली.

"जय भीम. या, आत या. आवाजावर जाऊ नका बाई, घसा बसलाय. चार दिवस झाले, सूर पार खाली गेलाय."

खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत धर्मराज बसले होते. बारीक अंगाचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. डाव्या हातानं त्यांनी पाहुण्यांना नमस्कारासारखं काहीतरी केलं, तोंड उघडलं, त्यातून शब्द आला नाही, आणि त्यांनी ते मिटून घेतलं. काकांनी नजर पियानोकडे वळवली. ते स्वतःही त्या वयापासून फार काही लांब नव्हते.

बाकीच्या खुर्च्यांवर औषधं, घड्या घातलेले टॉवेल, वॉकर. काका पियानोच्या स्टुलावर बसले, आणि लगेच अवघडून सरकले. निळी नवीकोरी गादी होती, पण पाटावर बसल्यासारखं वाटत होतं.

"दीक्षानं शिवलीय, हे हॉस्पिटलातून घरी यायच्या आधी," रमाबाई म्हणाल्या. "नवी आहे अजून. बसून बसून दबेल."

पियानोच्या बंद झाकणावर फोटो मांडलेले होते. उपासनानं त्यातला एक उचलला. सात-आठ जण स्टुडिओत उभे. मधोमध हसरी, सावळी लॉरेटा. शेजारी भल्या मोठ्या मिशांचा एडी. पुढे पांढरे मोजे घातलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, हातात चर्चमधलं गाण्यांचं पुस्तक, मागे तिची करारी चेहऱ्याची आई. आणि अगदी कडेला, फ्रेमनं अर्धा कापलेला, जाड चष्म्याचा एक पोरगेला माणूस.

"ही छोटी कोण?"

"ग्लोरिया. चर्चमध्ये गायची. आई सोबत असल्याशिवाय स्टुडिओत पाऊल टाकायची नाही, असं हे सांगायचे." रमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. धर्मराजांनी मान हलवली.

*

दीक्षा डायनिंगच्या टेबलावर गोळ्यांच्या डब्या भरत होती. सोमवार सकाळ, सोमवार रात्र. बावन्न वर्षांची, बायकांच्या शेल्टरमध्ये सुपरवायझर. घरात मार खाऊन आलेल्या बायकांना आसरा देण्याचं ते ठिकाण. चेहऱ्यावरून ती आठवडाभर झोपलेली दिसत नव्हती.

"रजा घेतलीत?" उपासनानं सहज विचारलं.

"अर्धी. संध्याकाळी जाते. काम थांबत नाही ना. बाई दारात रडत उभी असते आणि आम्ही आधी फॉर्म भरतो. ब्लॅक फीमेल, थर्टी टू. व्हाइट फीमेल, नाइन्टीन. नाव मग खाली. नको वाटतं, पण हाताला सवय झालीय." तिनं एक गोळी खाली पाडली, उचलली. "इथं तशी मदत आहे. समोरची एक गोरी बाई बाबांना रोज सूप आणून देते. राजेश असतोच."

"वही तुम्ही पाहिली होती?"

"नाही. राजेशनं ते इंग्लिश कागद दाखवले तेवढेच."

"काय वाटलं?"

दीक्षाचे हात थांबले. मग ती बोलली ती दबक्या आवाजात, पण एकेक शब्द चावून. "बाबांनी मला शिकवलं की माणूस म्हणजे माणूस. मी ते धरून आयुष्य काढलं. आणि त्यांनी काय करावं? काळ्या म्हणून मोजायच्या, पांढऱ्या म्हणून मोजायच्या! गुरं मोजतात तशा. तुम्ही मला विचारता काय वाटलं?"

काकांना तिची दया आली. उपासनानं फक्त मान हलवली आणि विचारलं, "आईंना का नाही सांगितलं?"

"आईला? ती मरेल हे ऐकून."

*

गाडीत बसल्यावर काकांनी हीटर लावला आणि आपला निकाल जाहीर केला. "राजेश. सरळ आहे. त्याला प्रसिद्धी नको होती. वही लपवली, भाषांतर पाठवलं, काम फत्ते. वही हरवली ते बरं झालं, असं तोंडानं म्हणाला की."

"त्याला मराठी वाचता येत नाही, काका."

"फोनवर ॲप असतात."

"हातानं लिहिलेली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मराठी? ॲपचं कंबरडं मोडेल." उपासनानं म्युझियमला फोन लावला, दोन वाक्यं बोलली आणि ठेवला. "भिंतीवरच्या पाट्या कोरणारा पाच वाजेपर्यंत थांबतोय. पाचनंतर नाव घालता येणार नाही. किती वाजले?"

"साडेतीन."

"यामिनी, तू म्हणालीस ना, पुढची वेळ नाही? चला, परत आत जाऊ. सगळ्यांना एका खोलीत बसवायचंय. आईंनासुद्धा."

"पण ताई, त्यांना तर..."

"त्यांनाच आधी," उपासना म्हणाली.

राजेश दारातच आडवा आला. आवाज चढला. तेव्हा आतून रमाबाईच बाहेर आल्या. "काय चाललंय तुमचं? सोमवारपासून बघतेय, मी खोलीत आले की सगळे गप्प. जे काय असेल ते माझ्यासमोर बोला. आणि यांच्यासमोर बोला. वाचा गेलीय त्यांची, कान नाही गेले."

मग कुणाचंच काही चाललं नाही. सगळे बसले. काका पुन्हा त्याच टणक गादीवर.

"मावशी," उपासनानं विचारलं, "तुम्ही विहारात भीमगीतं म्हणता ना? तुमची पट्टी कोणती?"

राजेशनं कपाळाला हात लावला. हा काय प्रश्न झाला? काकांनाही तेच वाटलं.

रमाबाईंना मात्र प्रश्नात काही वावगं दिसलं नाही. "माझी? काळी चार. आता सर्दीनं घसा बसलाय, तर पांढरी पाचवर उतरलेय. एक पट्टी खाली."

 यामिनी ताडकन उठली. "अय्या! पट्टी! हार्मोनियमची पट्टी! मी किती मूर्ख आहे, मी इंग्लिशमध्येच विचार करत राहिले!"

"मला कुणीतरी सांगाल का?" काका कळवळून म्हणाले.

"पेटीवर एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच असतात आणि पांढऱ्या सात," उपासना म्हणाली. "म्हणून ब्लॅक पाचाच्या वर जात नव्हतं आणि व्हाइट साताच्या. आपल्याकडे गाणारा कुठल्या सुरात गातो ते पट्टीवरून सांगतात. काळी दोन, पांढरी चार. धर्मराजकाका नागपुरात पेटी शिकले. पुढे डेट्रॉइटच्या स्टुडिओत बसून त्यांनी वहीत तसंच लिहिलं. एडी गातो काळी दोनमध्ये. ग्लोरिया काळी पाचमध्ये. ती चर्चमधली मुलगी, आई पाठीशी उभी, ती पाच बायका कुठून आणणार? आणि लॉरेटाची पट्टी पांढरी चार. एक दिवस तिला सर्दी झाली. घसा बसला. तर त्या दिवशी धर्मराजकाकांनी तिच्यासाठी सगळं गाणं एक पट्टी खाली घेतलं. पांढरी तीन. तिचं नाव रेकॉर्डवर आलं, आणि तिचा घसा सांभाळणाऱ्याचं आलं नाही."

"पण झालं काय?" रमाबाई गोंधळल्या. "कुणी काय म्हटलं यांना?"

राजेशनं कसंबसं सांगितलं. ऐकताना रमाबाईंचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग त्यांना हसू फुटलं. बसलेल्या घशानं खोकत खोकत त्या हसल्या. "एडीच्या काळ्या दोन बायका! अगं बाई! अहो, ऐकलंत का?" हसता हसता त्यांची नजर दीक्षावर गेली. त्यांचं हसू तिथंच थांबलं.

दीक्षा उठून भिंतीला टेकली होती. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"उरलं भाषांतर कुणी केलं ते," उपासना हळू आवाजात म्हणाली.  "ज्यानं केलं त्याला मराठी अक्षर चांगलं वाचता येतं, पण सुरांतलं काही कळत नाही. 'काळी' हा शब्द बाईसारखा दिसला, म्हणून त्यानं इमानदारीनं 'फीमेल' लिहिलं. 'वुमन' नाही. रोज फॉर्म भरणारा हात 'फीमेल' लिहितो. आणि दुसरी गोष्ट. इंग्रजी कागदावर 'व्हाइट' आहे. यामिनी 'गोऱ्या' म्हणाली. राजेश 'गोऱ्या' म्हणाला. मराठी माणसाच्या तोंडी माणूस गोराच असतो. दीक्षाताई, तुम्हीही समोरच्या बाईला 'गोरी बाई' म्हणालात. पण वहीबद्दल बोलताना म्हणालात 'पांढऱ्या'. तो शब्द इंग्रजी कागदात नाहीच. तो फक्त मूळ वहीत आहे. काका, जरा उठता?"

काका उठले. उपासनानं टेबलावरची कात्री घेऊन निळ्या गादीची शिवण उसवली. स्पंज बाजूला केला. त्याच्या खालून लाल कापडी बांधणीची एक वही निघाली. काकांना आपण इतका वेळ कशावर बसलो होतो ते कळलं आणि त्यांनी उगाचच तिला हात जोडले.

आतल्या पानावर निळ्या शाईतलं टपोरं अक्षर होतं. "लॉरेटा. पांढरी चार."

"फाडवेना मला," दीक्षा म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. "गादी शिवायला घेतली तेव्हा सापडली. वाचली आणि मी तिथंच जमिनीवर बसले. गोरी लिहिलं असतं तरी... पण पांढरी! मला वाटलं, हिणवून लिहिलंय. आई वाचेल म्हणून आत शिवून टाकली. पण गप्प बसता येईना. मी त्या बायकांना रोज सांगते, घरचा माणूस असला तरी बोला, लपवू नका. मग माझ्याच घरचा माणूस आला तर मी लपवू? बाबांनीच शिकवलं ना मला तसं! मी त्यांचंच ऐकलं. आणि मी... मी काय करून बसले, आई?"

  एक शब्द आईला विचारला असता तर सगळं मिटलं असतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. काकांना तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि त्यांनी तर काही केलंही नव्हतं.

"चार वाजून दहा," उपासना म्हणाली.

दीक्षानं डोळे पुसले नाहीत. फोन उचलला, म्युझियमचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. बाबांना ऐकू जाईल असा.

"माझं नाव दीक्षा मेश्राम," ती इंग्रजीत म्हणाली. "ते पाकीट मी पाठवलं होतं. मी त्यांची मुलगी आहे. भाषांतर माझं होतं आणि ते चुकीचं होतं. ते गाण्याचे सूर आहेत. कुठलाही हार्मोनियम वाजवणारा तुम्हाला सांगेल. मूळ वही माझ्या हातात आहे, मी ती घेऊन आत्ता निघते."

 पलीकडून एका बाईचा आवाज आला. तिनं आधी "ओ माय गॉड" म्हटलं आणि मग नावाचं स्पेलिंग विचारलं. दीक्षानं एकेक अक्षर सांगितलं. शेवटचं अक्षर सांगताना तिला हुंदका आला.

फोन ठेवून ती खुर्चीसमोर खाली बसली. वडिलांच्या तोंडाकडे बघायची तिची हिंमत होईना. "बाबा," एवढंच म्हणाली.

धर्मराजांनी डावा हात उचलला आणि पियानोकडे दाखवला. राजेश धावला. फोटो बाजूला झाले, किती तरी वर्षं बंद असलेलं झाकण वर गेलं, खुर्ची जवळ सरकली. धर्मराजांनी दीक्षाचं बोट धरलं, शाळेत घालायला नेलेल्या मुलीचं धरावं तसं, आणि पहिल्या पांढऱ्या पट्टीवर दाबलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

तिसऱ्यावर ते थांबले. तिचं बोट सोडून त्यांनी हात नाकाशी नेला आणि सर्दी झालेल्या माणसासारखं जोरात नाक ओढलं. मग चेहऱ्याची डावी बाजू, जी अजून त्यांची होती, हसली.

दीक्षा हसायला गेली आणि तिला रडू कोसळलं. बावन्न वर्षांची बाई, वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. ते थांबले. तिचं रडून होईपर्यंत थांबले. मग त्यांनी पुन्हा तिचं बोट धरलं आणि चौथ्या पांढऱ्या पट्टीवर ठेवलं.

"चार," रमाबाई बसलेल्या आवाजात म्हणाल्या. "लॉरेटा."